तानसेनाची गोष्ट आणि गवसणीतला तंबोरा

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. माझे सासरे 79 वर्षांचे आहेत, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. नोकरी त्यांनी सरकारी केली, पण जीव गाण्यात. इथल्याच एका बुवांकडे पंधरा वर्षं शिकले. आमच्या गल्लीच्या गणपतीत दर वर्षी एका संध्याकाळी ते तानसेनाची गोष्ट सांगतात, मधूनमधून गाऊन दाखवतात. यंदा दम लागतो म्हणून त्यांनी माझ्या मुलीला उभं राहायला सांगितलं. ती सोळा वर्षांची आहे, त्यांच्याकडेच शिकते. तिने हौसेने पुस्तकं आणून वाचली आणि एका रात्री जेवताना म्हणाली, "आजोबा, दीपक रागाची गोष्ट खोटी आहे. अमीर खुसरोने सतार केली हेही खोटं. मी हे सांगणार नाही." अप्पा काही बोलले नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाले, "म्हणजे मी पन्नास वर्षं खोटं बोललो." त्या दिवसापासून सकाळची तालीम बंद आहे, तंबोरा गवसणीत गेला आहे. त्यात माझे दीर म्हणतात की मुसलमानी अमलात आपलं संगीत बिघडलं, आणि नणदेचे यजमान म्हणतात की जे काही चांगलं आहे ते सगळं त्यांनीच दिलं. गणपतीला दीड महिना उरला आहे. मला गाण्यातलं काही कळत नाही. मी मुलीला गप्प करू की अप्पांना समजावू?

एक सून, लष्कर, ग्वाल्हेर

*

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून झाल्यावरही तो गवसणीतला तंबोरा माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. म्हणून आधी त्याचं बघू, इतिहासाचं मागाहून.

तुम्ही दोन वाटा विचारल्यात. दोन्ही सोडून द्या. मुलीला गप्प करू नका, कारण तिचं म्हणणं बरोबर आहे. तानसेनाने दीपक गाऊन दिवे पेटवले असं त्याच्या काळातल्या कुणीही लिहून ठेवलेलं नाही. आणि अप्पांना समजावायला जाऊ नका, कारण ते खोटं बोललेलेच नाहीत. त्यांनी गुरूकडून जे ऐकलं ते जसंच्या तसं पुढे दिलं. त्यांच्या विद्येत यालाच सचोटी म्हणतात. बंदिश जशी मिळाली तशी द्यायची, आपल्या पदरचं घालायचं नाही, गुरूचा एक शब्द गाळायचा नाही. ही गोष्टही त्यांनी बंदिशीसारखीच सांभाळली. म्हणून 'खोटं' हा एक शब्द त्यांना इतका लागला. नातीचा अभ्यास त्यांना लागला असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा पहिलं काम मुलीचं आहे, आणि ते तिला तुम्हीच सांगायला हवं. तिने तो शब्द परत घ्यायचा. आपलं मत परत घ्यायचं नाही, फक्त शब्द. आपल्या घरांत हे समजावणं अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे बखरी आहेत. पानिपताच्या वेळी लिहिलेली पत्रं आहेत आणि पुढे लिहिलेल्या बखरीही आहेत. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय घडणार ते ठाऊक नसतं. बखरकाराला शेवट ठाऊक असतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं ही त्याची इच्छा असते. पण बखरीला आपण खोटारडी म्हणत नाही. ती कुणी लिहिली, प्रसंगानंतर किती वर्षांनी लिहिली हे विचारतो आणि मग वाचतो. तिने तानसेनाच्या गोष्टीला हाच प्रश्न विचारायचा. "हे खोटं आहे" म्हणण्याऐवजी "हे पहिल्यांदा कुणी आणि केव्हा सांगितलं?" असं विचारून बघू दे. या प्रश्नाने आजोबांचा अपमान होत नाही. उलट त्याचं उत्तर शोधायला तिला आजोबाच लागतील. ते कसं, ते पुढे सांगते.

त्याआधी तिला एका गोष्टीबद्दल धीर द्या. दीपकाची गोष्ट काढून घेतली तर तानसेनाजवळ काय उरतं, अशी भीती अप्पांना असणार. खूप उरतं. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या दरबारातल्या 36 गायक-वादकांची यादी दिली आहे. तिच्यात पहिलं नाव तानसेनाचं आहे आणि त्यापुढे शेरा आहे, की गेल्या हजार वर्षांत हिंदुस्थानात असा गाणारा झाला नाही. दरबारी लेखक मोजूनमापून स्तुती करतो, आणि ती बहुतेक बादशहाची करतो. त्याने एका गवयासाठी हजार वर्षांचं माप काढावं, ही लहान गोष्ट नाही. ती यादी मुलीने पुरी वाचावी. नावापुढे 'ग्वाल्हेरचा' असं पुन्हा पुन्हा येतं. ग्वाल्हेरचे बाबा रामदास, ग्वाल्हेरचा सुभानखान, बीन म्हणजे रुद्रवीणा वाजवणारा ग्वाल्हेरचा शिहाबखान. आणि त्याच यादीत मशहदचा आणि हेरातचा कलावंतही आहे. अकबराच्या दरबारात गाणं ऐकायला बसलं, की कानावर अर्धं ग्वाल्हेर पडत होतं.

तानसेन तिथे पोचला 1562 मध्ये. त्याआधी तो रीव्याच्या बाघेल राजा रामचंद्राकडे होता, आणि बादशहाचं बोलावणं आल्यावर राजाला त्याला पाठवावं लागलं. 1589 मध्ये तो वारला. त्या दिवसाची अबुल फजलने केलेली नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. बादशहाच्या हुकमावरून शहरातले सगळे गाणारे-वाजवणारे त्याच्या देहासोबत चालत गेले, आणि लग्नाच्या वरातीत गातात तसे गात गेले. तुमच्या मंडपात ही एवढी नोंद मुलीने सावकाश वाचली तर लोक दिव्यांची आठवणही काढणार नाहीत. आणि ही तर त्या काळातल्याच माणसाने लिहिलेली आहे.

मग दिवे आले कुठून? माझा कयास सांगते. त्या काळात रागाला नुसते सूर नव्हते. त्याला प्रहर होता, ऋतू होता, देहरूप होतं. रागमालेची चित्रं काढली जात, आणि दीपक रागाच्या चित्रात ज्योती पेटलेल्या असत. राग नीट गायला तर त्याचं रूप समोर उभं राहतं हा विश्वास होता. मग ज्याच्यासारखा हजार वर्षांत झाला नाही तो दीपक गायला तर ज्योत चित्रात कशी राहील? लोकांनी विश्वासाचा धागा शेवटपर्यंत ओढला आणि गोष्ट झाली. पुढे दीपक गाऊन तानसेनाच्या अंगात भडकलेला दाह शमवायला गुजरातेत वडनगरच्या ताना आणि रीरी या बहिणींनी मल्हार गायला, असं तिथले लोक सांगतात आणि त्यांची स्मृती आजही जपतात. अप्पा कदाचित हा भाग सांगत नसतील. मुलीला आवडेल.

आता एक गंमत नव्हे, मला फार मोलाची वाटणारी गोष्ट. मुलीला तीन आख्यायिका शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगा.

पहिली देवगिरीच्या गोपाल नायकाची. यादवांचं राज्य दिल्लीने जिंकल्यावर हा मोठा गायक अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारात गेला. त्याचं गाणं चाललं असताना अमीर खुसरो सिंहासनाखाली लपून बसला, दिवसामागून दिवस ऐकत राहिला आणि मग समोर येऊन सगळं गाऊन दाखवलं, अशी कथा आहे. दुसरी स्वामी हरिदासांची. तानसेनाचा गुरू ऐकायचा म्हणून अकबर तंबोरा उचलणाऱ्या सेवकाच्या वेषात वृंदावनाला गेला, कारण हरिदास बादशहासाठी गाणारे नव्हते. तिसरी तर तुमच्या घराजवळची. शिंद्यांच्या दरबारात बडे महंमदखान गात, तेव्हा हद्दूखान आणि हस्सूखान या भावांना पडद्याआड बसवून त्यांची तानबाजी ऐकवली आणि काही दिवसांनी दोघांनी ती त्यांच्यासमोरच गायली. अप्पांच्या तोंडून ही तिसरी तुम्हीही ऐकली असेल. ग्वाल्हेर घराण्यात शिकलेला माणूस ती सांगितल्यावाचून राहत नाही.

तिन्हींत कुणीतरी लपून ऐकतं आहे. तीन शतकं नव्हे, जवळजवळ पाचशे वर्षांचं अंतर आहे पहिल्या आणि तिसऱ्या प्रसंगात, आणि गोष्ट तीच. त्या त्या दिवशी कोण पडद्यामागे होतं हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. खुसरो 1325 मध्ये गेला, आणि सिंहासनाखाली लपल्याची गोष्ट आपल्याला फकीरुल्ला या मुघल सरदाराच्या पुस्तकात मिळते ती 17 व्या शतकात. अकबर आणि हरिदासांच्या भेटीचं जे प्रसिद्ध चित्र आहे ते 18 व्या शतकातलं. पण एकच कथा इतकी वर्षं पुन्हा पुन्हा जन्म घेते तेव्हा तिच्यामागे काही खरं असतं. विद्या राखून ठेवली जात होती. मुलाला, जावयाला, पायाशी बारा वर्षं बसलेल्याला मिळे, बाकीच्यांनी भिंतीला कान लावावा. गाण्याचा कागद नव्हता, ज्याच्या गळ्यात ते होतं त्याच्याबरोबर ते जात होतं. ही परिस्थिती कुठल्याही फर्मानापेक्षा या तीन दंतकथांनी चांगली सांगितली आहे. म्हणून म्हणते, दंतकथा फेकायची नसते. तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावून ठेवायची असते.

आता तुमचे दीर आणि नणदेचे यजमान. दोघांचं भांडण मिटवायची जबाबदारी तुमची नाही, पण पानावर बसल्यावर दोघांनाही एकेक गोष्ट वाढता येईल.

दिरांना शार्ङ्गदेवाची सांगा. 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ 13 व्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी लिहिला गेला. सिंघण 1210 ते 1247 गादीवर होता. ग्रंथकार दरबारात जमाखर्चाचा मोठा अधिकारी, आणि त्याचा आजा काश्मीरहून दक्षिणेत आलेला. उत्तरेतला आणि दक्षिणेतला संगीतशास्त्राचा अभ्यासक आजही हा ग्रंथ आपला मानतो. विजयनगरच्या राज्यात कल्लिनाथाने 15 व्या शतकात त्याच्यावर टीका लिहिली. तर या ग्रंथात रागांच्या नावांत 'तुरुष्क तोडी' आणि 'तुरुष्क गौड' अशी दोन नावं आहेत. तुरुष्क म्हणजे तुर्क. अल्लाउद्दीन देवगिरीवर पहिल्यांदा चालून आला 1296 मध्ये. म्हणजे दिल्लीची फौज दारात येण्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी तुर्कांचे म्हणून ओळखले जाणारे राग देवगिरीच्या संस्कृत ग्रंथात पाहुण्यांसारखे नाही, घरच्यांसारखे बसलेले आहेत. बिघडायला ते संगीत बंद पेटीत नव्हतंच. सूर व्यापाऱ्यांबरोबर, फकिरांबरोबर, पोट भरायला निघालेल्या कलावंतांबरोबर फौजांच्या कितीतरी आधी फिरत होते.

औरंगजेबाने संगीत गाडलं, हेही दीर म्हणतील. वाजंत्र्यांनी संगीताचा जनाजा काढला आणि बादशहा म्हणाला, खोल पुरा, ही गोष्ट फार पसरलेली आहे. त्याने स्वतः पुढे गाणं ऐकणं सोडलं हे खरं. पण मघाशी ज्या फकीरुल्लाचं नाव घेतलं त्याचा 'रागदर्पण' 1666 चा, म्हणजे औरंगजेबाच्याच राज्यातला, आणि फकीरुल्ला त्याचाच सरदार. त्या राज्यात संगीतावर फारसीत एकाहून जास्त ग्रंथ लिहिले गेले. पुरलेल्या विद्येवर कुणी ग्रंथ लिहीत बसत नाही.

नणदेच्या यजमानांना खुद्द खुसरोच ऐकवा. 1318 मध्ये त्याने एका काव्यात हिंदुस्थानचं गुणगान केलं आहे. त्यात तो म्हणतो की इथलं संगीत काळजात आग लावतं, आणि परक्याने इथे वर्षानुवर्षं राहूनही त्याला ते नीट साधत नाही. ज्याच्या नावावर आज सतार, तबला, ख्याल, तराणा सगळं घातलं जातं, त्याने स्वतः आधीपासून असलेल्या संगीतापुढे असे हात जोडले आहेत. सतारीचं नाव दिल्लीच्या लेखनात दिसतं ते 18 व्या शतकात, आणि अभ्यासक तिचा संबंध त्याच शतकातल्या खुसरोखान नावाच्या वादकाशी लावतात. नावाच्या सारखेपणाने चारशे वर्षं गिळली. खुसरोची थोरवी यात कमी होत नाही. तो कवी म्हणूनच एवढा मोठा आहे की त्याला दुसऱ्याच्या सतारीची गरज नाही.

आणि दोघांनाही मिळून विजापूरचा इब्राहिम आदिलशहा द्या, दुसरा, 1580 ते 1627 चा. त्याने 'किताब-इ-नौरस' म्हणून दखनी भाषेत गाण्यांचं पुस्तक केलं. गाणी रागवार लावलेली, आणि त्यात सरस्वती आहे, गणपती आहे, गुलबर्ग्याचे सूफी संत बंदेनवाजही आहेत. तुमच्या मंडपात गणपतीपुढे उभं राहून मुलीने हे सांगितलं तर कुणाला वावगं वाटेल असं मला वाटत नाही.

पण तिच्या भाषणाचा जीव यांपैकी कशात असू नये. तो ग्वाल्हेरच्या किल्ल्यात असावा. तुम्ही राहता त्या गावाने मध्ययुगात एक गोष्ट केली, जिच्यावाचून आजचं हिंदुस्थानी गाणं असं झालंच नसतं, आणि गावातल्याच किती जणांना ती ठाऊक आहे?

'रत्नाकरा'च्या काळात प्रबंध नावाचा गीतप्रकार गात. प्रबंधाचे अवयव ठरलेले, नियम काटेकोर, आणि रचना बहुतेक संस्कृतात. राजा मानसिंह तोमर 1486 मध्ये ग्वाल्हेरच्या गादीवर आला, 1516 पर्यंत राहिला. अबुल फजल सांगतो की त्याने बक्षू, मच्छू आणि भानू या नायकांच्या, म्हणजे थोर गायकांच्या मदतीने लोकांना समजेल अशी गायनाची रीत रूढ केली, आणि ती रसिकांतल्या रसिकालाही पसंत पडली. ते ध्रुपद. भाषा इथली, बोलीतली, जिला पुढे लोक ब्रज म्हणू लागले. मला या दोन गोष्टींच्या जोडीचं फार अप्रूप आहे: लोकांना समजेल असं, आणि जाणकारालाही पटेल असं. दोन्ही एकदम साधणं किती कठीण, ते गाणाऱ्याला विचारा. आणि जुनं टाकून दिलं नाही. प्रबंधाच्या शेवटच्या अवयवाला 'आभोग' म्हणत. ध्रुपदाचे चार भाग स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग. तोच शब्द. भाषा बदलली, साचा मोकळा झाला, पण शेवटच्या खोलीच्या दारावर जुनी पाटी राहिली. अप्पांना थोडंफार ध्रुपद येत असेल तर त्यांनी आभोगाची एक ओळ गावी, आणि मुलीने सांगावं की हा शब्द देवगिरीहून इथपर्यंत आला आहे.

मानसिंहाच्या वेळी संगीतावर 'मानकुतूहल' नावाचा ग्रंथ झाला. तो आपल्याला मुख्यतः कळतो फकीरुल्लामुळे, कारण त्याने त्याचा फारसीत अनुवाद केला. आणि राजा गेल्यावर, दिल्लीच्या लोदी सुलतानाने किल्ला घेतल्यावर काय झालं? बक्षू आधी कालिंजरच्या राजाकडे गेला, मग गुजरातच्या बहादुरशहाकडे. ध्रुपदही त्याच्याबरोबर गेलं. शंभर वर्षांनी शहाजहानने बक्षूच्या 1000 ध्रुपदांचा संग्रह करवला. राज्य बुडालं, गाणं पसरलं. कलावंताची पोटाची वणवण हाच त्या काळातला संगीताचा रस्ता होता. कर्नाटकातला पुंडरीक विठ्ठल असाच बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांकडे येऊन ग्रंथ लिहितो आणि पुढे उत्तरेत जातो.

आपल्या मराठी माणसांचा या रस्त्यावर परतीचा प्रवासही आहे. गोपाल नायक देवगिरीहून उत्तरेला नेला गेला. पाच-साडेपाचशे वर्षांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला आले, हस्सूखानांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती गायकी दक्षिणेत मिरज-इचलकरंजीला घेऊन गेले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. अप्पांचे बुवा याच झाडाच्या कुठल्यातरी फांदीवरचे असणार. ती फांदी कोणती, हे तुमच्या घरात अप्पांशिवाय कुणाला माहीत आहे? नसेल, तर दीड महिन्यात ते लिहून घेणं भाषणापेक्षाही निकडीचं आहे.

म्हणून आता तंबोऱ्याकडे येते.

मुलीने सकाळी, चहा झाल्यावर, एकटीने अप्पांपाशी जावं. जेवणाच्या वेळी नको, दीर असताना नको. "आजोबा, मी चुकीचा शब्द वापरला" एवढं म्हणावं आणि लगेच पुढचं विचारावं: "तुमच्या बंदिशींत 'सदारंग' कुठे कुठे येतं?" ख्याल गाणाऱ्या अप्पांच्या गळ्यात हे नाव दहा-वीस ठिकाणी तरी असणार. सदारंग म्हणजे न्यामतखान, मुघल बादशहा महंमदशहाच्या दरबारातला बीनकार. महंमदशहाचं राज्य 1719 ते 1748. रचनाकार आपली मुद्रा बंदिशीत गुंफतो, आणि कित्येक बंदिशींत 'महंमदशा' हेही नाव येतं. अप्पा पहाटे डोळे मिटून जी ओळ गात आले तिच्यात पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाची सही आहे. मुलगी पुस्तकांत पुरावा शोधत होती. तो शेजारच्या खोलीत आहे, आणि त्याला दम लागतो. तिला हे कळलं की ती स्वतःच गवसणी काढेल.

ही मुद्रांची यादी तिने वहीत करावी. बंदिश, राग, मुद्रा, आणि अप्पांनी ती कोणाकडून घेतली. नाव आठवलं नाही तर जागा रिकामी सोडावी, अंदाजाने भरू नये. आवाजही टिपून घ्यावा, फोन सगळ्यांकडे आहे. अप्पांना दहा मिनिटांपेक्षा जास्त गायला लावू नका. त्यांचा दम हा तुमचा विषय आहे, त्यावर तुम्ही नजर ठेवा.

गणपतीच्या संध्याकाळसाठी माझी सूचना अशी. दीपकाची गोष्ट अप्पांनीच सांगावी, बसून, पाच मिनिटं, त्यांच्या नेहमीच्या ढंगात, एक शब्द न बदलता. मग मुलीने उभं राहून म्हणावं, "ही गोष्ट माझ्या आजोबांनी त्यांच्या गुरूंकडून घेतली. आता त्या काळच्या कागदांत काय सापडतं ते मी सांगते." पुढे मानसिंह, बक्षू, अबुल फजलची यादी आणि ती वरातीसारखी अंत्ययात्रा. पंचवीस मिनिटांत बसतं. खुसरो आणि औरंगजेब भाषणात घेऊ नयेत, ते प्रश्न विचारणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत. मंडपात वाद झाला तर अप्पांचं गाणं राहून जाईल.

त्याआधी एका रविवारी तिघं बाहेर पडा. किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महाल आहे, मानसिंहाने राणी मृगनयनीसाठी बांधलेला. आता तिथे संग्रहालय आहे. अप्पांना चढायची गरज नाही. तिथून हजिऱ्याला जा. सूफी संत महंमद घौसांची मोठी, जाळ्यांची कबर आणि तिच्या बाजूला तानसेनाची लहानशी. माझे वडील मला नेहमी तिथल्या चिंचेचा पाला खायला लावत, आवाज सुधारतो म्हणून. आवाज सुधारला नाही, पण त्या आंबट पानाची चव अजून जिभेवर आहे आणि वडिलांचा हात खांद्यावर. या समजुतीलाही कुणी तारीख विचारली तर मला सांगता येणार नाही. तरी माझी भाची गायला लागली तेव्हा मी तिला तो पाला खायला घातला.

तुम्ही लिहिलंत, 'मला गाण्यातलं काही कळत नाही.' हे मला पटलेलं नाही. 12 व्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा थोर ग्रंथ लिहिला. त्याच्या गीतांच्या प्रकरणात, मोठमोठ्या प्रबंधांच्या पंगतीत, एक नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. तुमच्या आईला, आजीला ओव्या येत असतील. तुम्हालाही दोन-चार आठवत असतील. मुलीच्या वहीत शेवटचं पान त्यांच्यासाठी ठेवा, आणि त्या कुणाकडून ऐकल्या तेही त्यापुढे लिहा.

तालीम सुरू झाली की मला दोन ओळी कळवा. आणि तंबोऱ्याच्या तारा महिनाभर उतरलेल्या असतील, तर पहिल्या दिवशी त्या अप्पांनाच लावू द्या.